उत्तर: नाशिकच्या हवेत लॉन बोल्सची हिरवळ टिकते का?

तुम्ही विचारलंय की क्लबच्या आवारात लॉन बोल्सची (गवतावरून गोळे घरंगळवत एका छोट्या पांढऱ्या किंवा पिवळ्या गोळ्याच्या जवळात जवळ नेण्याचा खेळ) हिरवळ केली तर ती नाशिकमध्ये टिकेल का, आणि ती व क्लबची खोली सांभाळायला माणसं किती लागतील. आमच्या छोट्या क्लबची हिरवळ मी निवृत्त झाल्यापासून बघतोय. टिकते. फक्त इंग्लंडचं वेळापत्रक इथे चालवू नका.

पहिल्या वर्षी मी तेच केलं. तिकडे हंगाम संपला की शरदात हिरवळ खरवडतात, भोकं पाडतात, वर वाळूमिश्रित माती पसरतात. तिथलं गवत थंड हवेतलं, ते भरून येतं. आपलं गवत हरळीचं. मी ऑक्टोबरच्या शेवटी खरवडलं, मागोमाग निफाडकडची थंडी उतरली आणि हरळीची वाढच थांबली. टक्कल पडलेले पट्टे मार्चपर्यंत तसेच राहिले. रोज सकाळी ते बघवत नसे. आता ही सगळी कामं एप्रिल-मे महिन्यांत करतो. उन्हात पाणी मिळालं की हरळी झपाट्याने जाळं धरते. थंडीत कापणीही थोडी उंच ठेवतो.

मातीवर मात्र कंजुषी करू नका. काळी माती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. बोल्सचा गोळा मुळातच एका बाजूला वळेल असा घडवलेला असतो आणि वेग मंदावतो तसा जास्त वळतो. शेवटच्या दोन मीटरांत बोटभर उंचवटा असला तर खेळाडूचा सगळा अंदाज वाया जातो. म्हणून काळी माती काढा, खाली निचऱ्याचे पाइप आणि खडी, वर वाळूचा जाड थर. चौकोनाची बाजू ३१ ते ४० मीटर. खेळायच्या पट्ट्या अधूनमधून सरकवा, दिशाही बदला, म्हणजे एकाच जागी झीज होत नाही.

लव्हाळा दिसला की गाठीसकट खुरपीने काढा, नुसतं वरून उपटून उपयोग नाही. बुरशीचं मी शेजारच्या द्राक्षबागायतदाराकडून शिकलो: पान रात्रभर ओलं राहू द्यायचं नाही. संध्याकाळी पाणी बंद, सकाळी लांब बांबूने दव झाडायचं.

खोलीत पावसाळ्यात ओल आणि वाळवी, दोन्हींवर नजर हवी. गोळ्यांचे चार-चारचे संच जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, एकमेकांत मिसळू देऊ नका. सपाट तळव्याचे जादा बूट मापानुसार ठेवा. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत लवली चौबे, पिंकी, नयनमोनी सैकिया आणि रूपा राणी तिर्की यांनी सुवर्ण जिंकलं, तेव्हापासून आमच्याकडे खेळ बघायला येणाऱ्या मुली वाढल्यात. बूट नाहीत म्हणून एकही परत जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

माणसांचं म्हणाल तर एक कायमचा माळी आणि कापणीच्या मशीनची पाती, पाणी, खोलीच्या किल्ल्या यांची जबाबदारी घेणारा एक सदस्य. पावसाळ्यात खेळ बंद असला तरी माळ्याचा पगार बंद करू नका, तण तेव्हाच माजतं. आणि खणायला सुरुवात करण्याआधी एक पावसाळा ती जागा नुसती बघा, पाणी कुठे साचतं आणि किती दिवसांनी ओसरतं ते वहीत लिहून ठेवा.