रेशाद बाटलीत भरण्याआधी

प्रिय,

हॉटेलची लाइन सोडून खाद्यपदार्थांच्या कंपनीत प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमध्ये, म्हणजे विकायचे नवे पदार्थ तयार करायच्या कामात, यायचं ठरवलंयस, तर आधी घरी रेशाद मसाला कर, आपला लाल मिरची-व्हिनेगरचा गोव्याचा ओला मसाला. शागुतीच्या मसाल्यापासून सुरुवात नको; त्यातलं भाजलेलं खोबरं खवट होतं आणि तू महिनाभर त्यातच अडकशील.

किचनमध्ये आंबट कमी लागलं की व्हिनेगरची धार सोडून भागतं. मडगावात भरलेली बाटली नागपुरात कुणी उघडली, तर तिथे धार सोडायला तू नसणार. म्हणून व्हिनेगरसकट सगळं ग्रॅममध्ये मोज आणि एकूण वजनाच्या टक्क्यांत लिही. ‘दोन गड्डे लसूण’ चालत नाही. सोललेली, इतके ग्रॅम.

माडाच्या सुरेचा घरगुती व्हिनेगर खेपेगणिक कमीजास्त आंबट असतो. नवा कॅन आला की टायट्रेशन करून, म्हणजे मोजून अल्कली घालत, त्यात आम्ल किती ते काढ, मगच वापर. मसाल्याचा पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) ४.६ च्या खाली हवाच. हाताशी सूट असावी म्हणून ४.० धर. पीएच मीटर आधी ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, लावून घे. इलेक्ट्रोडवर तेल बसलं की आकडा खोटा येतो, त्यामुळे तेल काढून मोज. शिवाय लसणीच्या कणांत आम्ल मुरायला वेळ लागतो. २४ तासांनी बाटली उघडून, मसाला पुन्हा बारीक वाटून परत मोज.

वर तेलाचा तवंग असला की मसाला टिकतो, असं आपल्याकडे घरोघरी मानतात. पण तेलाखाली हवा नसते, आणि बोट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जंतूला तेच मानवतं. त्याचे बीजाणू नुसत्या उकळण्याने मरत नाहीत. त्यांना वाढू देत नाही ते आम्ल.

२ किलोची कृती ४० किलोवर नेलीस की कांदा परतला जाणार नाही, स्वतःच्याच पाण्यात शिजेल. भांडं खोल झालं, वजनाच्या मानाने वाफ जायला जागा कमी उरली. तिथे मिनिटं मोजून उपयोग नाही. १० किलो घातलं तर किती उरल्यावर उतरवायचं, ते वजन ठरव.

चव घ्यायला बसवलेल्यांना ‘आवडलं का?’ विचारू नकोस. गोव्यात पाहुणा ‘बरं आसा’ म्हणणारच. तीन वाट्या दे, दोन सारख्या, एक वेगळी, आणि वेगळी ओळखायला सांग. अंदाजाने तिघांतला एक बरोबर येतोच, तेवढं लक्षात ठेव.

टिकाऊपणासाठी निदान ३० बाटल्या बाजूला काढ. काही फ्रिजमध्ये, काही खोलीत, काही ३७ अंशांवर. ठरावीक दिवसांनी रंग, वास, पीएच आणि फुगलेलं झाकण बघ. पावडर मसाला असेल तर जुलैत उघडी पुडी ठेवून बघ, गठ्ठा होतो का. एफएसएसएआयचं (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) लायसन्स आणि लेबल विक्रीआधी, हे वेगळं सांगायला नको. म्हैसूरच्या सीएफटीआरआय या अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेचे छोटे कोर्स असतात, जमल्यास एखादा कर.

नोकरीच्या अर्जाबरोबर सजवलेल्या प्लेटांचे फोटो पाठवू नकोस. या एका मसाल्याचं एक पान पाठव: टक्के, पीएच, कितव्या दिवशी काय बिघडलं. फसलेली बॅचही त्यात असू दे.