ई. टी. मेन्साला हायलाइफचा राजा का म्हणतात

नायजेरियाचा गायक-संगीतकार फेला कुटी, त्याच्यापासून मागे मागे जात तुम्ही घानाचा ट्रम्पेटवादक ई. टी. मेन्सापर्यंत पोचलात हे वाचून खूप बरं वाटलं. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात, हायलाइफ, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं ते नाचायचं संगीत, मेन्सानेच काढलं का आणि हा खरंच फार्मासिस्ट होता का. दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, हो, फार्मसी शिकलेला माणूस आणि आयुष्यातली बरीच वर्षं त्याने सरकारी नोकरीत तेच काम केलं.

पहिल्याचं उत्तर मात्र नाही. ई.टी.चा जन्म 1919 चा, अक्राचा, आणि हायलाइफ हे नाव तो लहान होता तेव्हाच रुळायला लागलं होतं. तेव्हा घाना नव्हतंच, गोल्ड कोस्ट होतं, ब्रिटिशांची वसाहत. क्लबात मोठमोठे ऑर्केस्ट्रा फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ असल्या पाश्चात्य नाचांच्या चाली वाजवायचे आणि मध्येच एखादी रस्त्यावरची चाल घ्यायचे. आत जायला जोडप्यामागे साडेसात शिलिंग, वर पुरुषांनी सुटाबुटात यायचं, कुणी कुणी तर टॉप हॅट घालून. ज्यांना हे परवडायचं नाही ते बाहेर उभे राहून ऐकायचे आणि आत चाललंय त्याला हाय लाइफ म्हणायचे, म्हणजे बड्या लोकांचं जगणं. ही आठवण ई.टी.च्या मोठ्या भावाने, येबुआने सांगून ठेवलीय, हे दोघंही जो लाम्प्टे नावाच्या मास्तरांच्या अक्रा ऑर्केस्ट्रात वाजवायचे. म्हणजे नाव बाहेरच्यांनी दिलं, आणि मला विचाराल तर ई.टी.चं खरं काम हेच की त्याने हे संगीत त्या बाहेरच्यांकडे आणलं.

कसं, तर बँड लहान करून. दुसऱ्या महायुद्धात अक्रात गोरे सैनिक आले, त्यांना स्विंग, म्हणजे नाचायचं जाझ हवं होतं, मग छोटे जाझ बँड निघाले. जॅक लेपर्ड नावाचा एक स्कॉटिश सार्जंट सॅक्सोफोन वाजवायचा, त्याच्या बँडमध्ये ई.टी. गेला आणि तिथे फुंकायचं शास्त्र शिकला, जीभ कशी मारायची, दम कसा पुरवायचा, सूर नेमका कसा लावायचा. युद्धानंतर टेम्पोज नावाच्या बँडमध्ये आला, तोही सुरुवातीला गोऱ्या-काळ्यांचा मिळून होता, 1948 च्या सुमारास तो ई.टी.च्या हातात आला. त्यात ड्रमर होता गाय वॉरन, तो लंडनहून येताना कॅरिबियनचं कॅलिप्सो संगीत आणि अफ्रो-क्यूबन ताल, बाँगो वगैरे घेऊन आला आणि मग सगळं जुळलं. वर ट्रम्पेट-सॅक्सची चाल, खाली क्यूबन-आफ्रिकी ठेका, आणि गाण्यांच्या भाषा कितीतरी, तिथल्याच गा, ट्वी, फांटे, एवे, शिवाय इंग्रजी. एवढासा बँड गाडीत घालून गावोगाव नेता येतो, मोठा ऑर्केस्ट्रा नेता येत नाही, हे लक्षात घ्या!

1952 पासून डेका या रेकॉर्ड कंपनीसाठी रेकॉर्डिंग सुरू झालं. त्याच सुमारास नायजेरियाचे दौरे, आणि इथे तुमचा फेला येतो, कारण लागोसचे बँड तोवर बहुतेक बॉलरूमचीच गाणी वाजवायचे, टेम्पोज ऐकल्यावर ते हायलाइफकडे वळले, बॉबी बेन्सन, व्हिक्टर ओलाया ही त्यातली मोठी नावं, आणि फेला पोरवयात ओलायाच्याच बँडमध्ये होता. 1956 ला अमेरिकेचा जाझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग अक्राला आला तेव्हा ई.टी.ने त्याच्यासोबत वाजवलं. 1957 ला देश स्वतंत्र झाला, तेव्हाचं त्याचं 'घाना फ्रीडम' आजही ऐकलं की अंगावर काटा येतो.

पुढचा काळ वाईट. गिटार बँड, काँगोचं संगीत, सोल, पॉप आलं, मग 1980 च्या दशकात लष्करी राजवटीच्या कर्फ्यूने रात्रीचं नाचगाणंच बंद पाडलं. 1986 ला लंडनमधून जुन्या गाण्यांचं संकलन निघालं आणि बाहेरच्या जगाला तो पुन्हा सापडला. 1996 ला गेला.

सुरुवात 'ऑल फॉर यू'ने करा. चाल कॅरिबियनमधल्या एका जुन्या गाण्याची आहे. पहिल्यांदा ट्रम्पेटकडे लक्ष जाईलच, दुसऱ्यांदा लावाल तेव्हा ट्रम्पेट सोडून द्या आणि फक्त खालचा ठेका धरा.