रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी 'अशक्तपणा' म्हणून सोडू नका

ताई, तुम्ही लिहिलंय की मिस्टर मेंदूच्या मलेरियातून शुद्धीवर आले, घरी आले आणि बाराव्या दिवसापासून असंबद्ध बोलतायत, हात थरथरतायत. रक्तात मलेरिया नाही म्हणून सगळे अशक्तपणा म्हणतायत. माझ्या धाकट्या भावाचं अगदी हेच झालं होतं. शर्टाचं बटण काजात जाईना, आणि मला तो दोनदा 'आई' म्हणाला.

मी डॉक्टर नाही, आमच्यावर जे गुदरलं तेवढंच सांगते. न्यूरॉलॉजिस्टला आजच दाखवा. फिट आली, ताप चढला किंवा गुंगी वाटली तर थेट इमर्जन्सीत न्या. स्मिअर, म्हणजे मलेरियाचे जंतू बघायची रक्ततपासणी, पुन्हा करून घ्या, कारण मलेरिया उलटूही शकतो. साखर, सोडियम ते बघतीलच. त्यातून काही निघालं नाही तर 'पोस्ट-मलेरिया न्यूरॉलॉजिकल सिंड्रोम' (मलेरिया गेल्यानंतर होणारा मेंदूचा त्रास) असेल का, असं नाव घेऊन विचारा. फाल्सिपेरम या मलेरियाच्या घातक प्रकाराचा गंभीर आजार झाल्यानंतर, रक्तातले जंतू गेल्यावर, साधारण दोन महिन्यांच्या आत तो होऊ शकतो. व्हिएतनाममधल्या रुग्णांवरून १९९६ साली त्याचं सविस्तर वर्णन झालं. म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आहे म्हणून हा आजार नाही, असं होत नाही. यात रिपोर्ट निगेटिव्हच असतो!

आमचा घात केला तो डिस्चार्ज कार्डाने. भाऊ तीन दिवस बेशुद्ध होता, दोन फिट्स आल्या, मलेरियावरच्या आर्टेसुनेटची इंजेक्शनं झाली, आणि कार्डावर काय? 'ताप. उपचारानंतर बरा.' मी न वाचता सही केली. पुढच्या डॉक्टरांनी तेवढंच वाचलं आणि मानसिक आजार समजून झोपेच्या गोळ्या दिल्या. कार्ड दुरुस्त करायला गेले तर खिडकीवर उत्तर मिळालं, "फाईल रेकॉर्डला गेली, अर्ज द्या." अर्ज दिला, तर सही करणारे रजेवर. अकरा दिवस गेले त्यात. घरी माणूस भिंत धरून चालतोय आणि मी एका शिक्क्यासाठी रांगेत! आजही आठवलं की संताप होतो. शेवटी वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टरने फाईल शोधून हाताने एक पान लिहून दिलं. न्यूरॉलॉजिस्टने ते वाचलं आणि पहिल्यांदा कुणीतरी नीट प्रश्न विचारले.

म्हणून कागद आधी, असं माझं ठाम मत आहे. मलेरियाचा प्रकार, बेशुद्धीचे दिवस, फिट्स, प्रत्येक औषधाचं नाव आणि तारीख, सगळं लेखी घ्या. मेफ्लोक्विन हे मलेरियाचं औषध दिलं होतं का, हे मुद्दाम बघा. त्या व्हिएतनामच्या अभ्यासात ते घेतलेल्यांमध्ये हा त्रास जास्त दिसला होता, आणि ते औषध एरवीही डोक्यावर परिणाम करू शकतं.

बरेच जण काही दिवसांत आपोआप सुधारतात. भावाला तीन आठवडे लागले. जास्त त्रास असेल तर डॉक्टर स्टेरॉईड देतात, पण ते त्यांनीच ठरवायचं. बेशुद्धीतल्या मेंदूच्या मलेरियात स्टेरॉईडने नुकसानच होतं, हे १९८२ च्या थायलंडमधल्या चाचणीत दिसलंय. ती अवस्था वेगळी, ही वेगळी. कुणी ऐकीव सल्ला दिला तर घरच्या घरी सुरू करू नका.

आणखी एक, विषय थोडा वेगळा आहे. आर्टेसुनेटची इंजेक्शनं झाली असतील तर महिनाभर दर आठवड्याला हिमोग्लोबिन बघा. ते उशिरा एकदम खाली येऊ शकतं. लघवी गडद झाली तर थांबू नका.

तुमच्या कार्डावर नेमकं काय लिहिलंय?