एकच खुबा दुखतोय? आधी सीट बघ

सायकल चालवताना तीसेक किलोमीटरनंतर उजवा खुबा धरतो म्हणालास. घाबरू नकोस, दोन्ही पायांची लांबी तंतोतंत सारखी असणारी माणसं कमीच. पण लगेच आखूड पायाची उंची भरायला बुटात पट्ट्या घालायला जाऊ नकोस. आधी सीट ५ मिलिमीटर खाली घे. सीट उंच असली की पेडल गाठायला कंबर आखूड पायाकडे कलते आणि दुखणं कधीकधी दुसऱ्याच बाजूला उमटतं. म्हणून मापही आखूड पायावरूनच घे: पेडल तळाला असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकलेला हवा.

मग सायकल ट्रेनरवर (जागेवरच पेडल मारता येणाऱ्या स्टँडवर) लाव, मोबाईल मागे ठेव आणि दमल्यावरचं चित्रण बघ. ताजेतवाने असताना सगळेच सरळ बसतात! माझी सायकलिंगची चड्डी एकाच बाजूला झिजली, तेव्हा कुठे कळलं की मी कित्येक महिने तिरका बसत होतो.

हाड खरंच आखूड आहे की नुसता स्नायू आखडलाय, हे फिजिओथेरपिस्टकडून तपासून घे. हाडातला फरक असेल तरच क्लीटखाली (बूट पेडलला अडकवणाऱ्या तळाच्या तुकड्याखाली) शिम, म्हणजे उंची भरणारी पातळ चकती, तीही फरकाच्या निम्म्या जाडीपासून. एका वेळी एकच बदल कर. पायाला मुंग्या आल्या किंवा रात्री झोपेतही दुखलं, तर सायकल बाजूला ठेव आणि डॉक्टरांना दाखव.