हवाईतली ११५ मतं

प्रश्न : १९६०च्या अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीत हवाई राज्यात आधी निक्सन विजयी ठरले आणि नंतर तिथली मतं केनेडींना मिळाली, असं वाचलं. केनेडी तसेही अध्यक्ष होणारच होते. मग एवढा खटाटोप कशाला?
– एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : 'खटाटोप' हा शब्द मला लागला. शाळामास्तर म्हणून मतपत्रिकांच्या काळात मी मोजणीच्या टेबलावर बसलोय. एकदा शिक्का बरोबर दोन चिन्हांमधल्या रेषेवर उमटलेला. दोन्हीकडचे प्रतिनिधी वाकून शाई कुठल्या अंगाला जास्त सरकलीय ते बघतायत, आणि आम्ही सगळे श्वास रोखून उभे. निकाल तर केव्हाच स्पष्ट झाला होता. तरी कुणी म्हणालं नाही, की जाऊ दे.

हवाईचंही तेच. १९५९च्या ऑगस्टमध्ये हे बेट-राज्य अमेरिकेत सामील झालं, त्यामुळे अध्यक्ष निवडायची तिथल्या लोकांची ही पहिलीच खेप. अधिकृत मोजणीत निक्सन १४१ मतांनी पुढे होते. केनेडींचे डेमोक्रॅट पक्षवाले कोर्टात गेले आणि फेरमोजणी सुरू झाली.

आता खरी अडचण बघा. अमेरिकेत अध्यक्ष निवडतात ते राज्याराज्यांतले निर्वाचक, म्हणजे सहसा त्या राज्यात जिंकलेल्या पक्षाचे प्रतिनिधी, आणि त्यांनी सगळ्या देशात एकाच दिवशी मत द्यायचं असतं. त्या वर्षी तो दिवस १९ डिसेंबर, आणि हवाईतली मोजणी तर अर्धवट! निक्सनच्या रिपब्लिकन पक्षाच्या तीन निर्वाचकांकडे राज्याचं प्रमाणपत्र होतं, त्यांनी इओलानी राजवाड्यात निक्सनना मतं दिली. त्याच राजवाड्यात डेमोक्रॅटांच्या तिघांनीही, हातात प्रमाणपत्र नसताना, केनेडींच्या नावाने मतं लिहून ठेवली. त्यांत ८८ वर्षांच्या जेनी विल्सन होत्या, तरुणपणी हवाईचा तेव्हाचा राजा कालाकाउआ याच्या दरबारात हुला नाचलेल्या. त्या दिवशी हे तिघं घरी बसले असते, तर पुढे फेरमोजणी जिंकूनही हातात देण्यासारखं काही उरलं नसतं. मला हा सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटतो.

३० डिसेंबरला कोर्टाने निकाल दिला : केनेडी ९२,४१०, निक्सन ९२,२९५. फरक ११५. गव्हर्नर क्विन स्वतः रिपब्लिकन, पण नव्या प्रमाणपत्रावर सही त्यांनीच केली.

६ जानेवारी १९६१ला वॉशिंग्टनमध्ये संसदेची संयुक्त बैठक भरली. उपाध्यक्ष या नात्याने अध्यक्षस्थानी होते खुद्द निक्सन. त्यांच्यापुढे हवाईची दोन्ही बाजूंची कागदपत्रं आली. बहुमताला निर्वाचकांची २६९ मतं हवी होती आणि हवाई सोडूनही केनेडींकडे ३०० होती, म्हणजे ही तीन मतं कुठेही गेली तरी निकाल तोच. निक्सननी सुचवलं की डेमोक्रॅट निर्वाचकांची मतं धरावीत, मात्र हा पुढच्यासाठी पायंडा समजू नये. मग त्यांनी सभागृहाला विचारलं, कुणाची हरकत आहे का? कुणाचीच नव्हती. केनेडींची बेरीज ३०३ झाली.