वाचकांचे प्रश्न : पृथ्वीचा उजेड चंद्राच्या विवरात

प्रश्न : चंद्राच्या ध्रुवाजवळच्या काही विवरांत ऊन कधीच पडत नाही. मग पृथ्वीवरून परतलेला उजेड तरी तिथे पोचतो का?
– नववीतली एक वाचक

उत्तर : काही विवरांत नक्की पोचतो, आणि याचं कारण मला फार आवडतं. हा उजेड तूही पाहू शकतेस. शुक्ल तृतीयेला कोरीशेजारचा चंद्राचा काळा भाग राखाडी उजळलेला दिसतो. तो उजेड मुख्यतः आपल्या ढगांवरून परतलेला असतो. आता ध्रुवावर उभी आहेस असं समज. तिथे सूर्य क्षितिजाच्या जेमतेम दीड अंश वर येतो. पृथ्वी मात्र जवळपास 7 अंश वर चढते आणि महिन्यातला साधारण अर्धा काळ दिसत राहते! म्हणजे जो काठ सूर्याला अडवतो, त्याच्यावरून पृथ्वी आत डोकावू शकते.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळचं शॅकल्टन विवर मात्र 21 किलोमीटर रुंद आणि 4 किलोमीटरहून खोल आहे. तिथे हा उजेड आतल्या भिंतीच्या वरच्या भागापर्यंतच जातो. तळ उजळतो तो समोरच्या कड्यांवरून परतलेल्या सूर्यप्रकाशाने, तोही अगदी मंद. असल्या अंधारात छायाचित्रं घेण्यासाठीच 2022 साली निघालेल्या दक्षिण कोरियाच्या दानुरी यानावर नासाने शॅडोकॅम हा कॅमेरा बसवला. अशा विवरांतला बर्फ या उजेडाने वितळेल अशी काळजी नको, पृथ्वीच्या उजेडात ऊब जवळजवळ नसतेच.