वाचकांचे प्रश्न: हातघडणीचे पाइप आणि गोव्याची ओल

प्रश्न: वडिलांमागे त्यांचे तंबाखू ओढायचे आठ ब्रायर पाइप (ब्रायर म्हणजे एका झुडपाच्या गाठीचं लाकूड) माझ्याकडे आले. काचेच्या कपाटात ठेवले होते. चवथीच्या साफसफाईत बघते तर बाऊलमध्ये (तंबाखू भरायच्या वाटीत) बुरशी, तोंडात धरायच्या काळ्या नळ्या पिवळट पडलेल्या, आणि एकाची नळी निघतच नाही. ओढायचे नाहीत, जपायचे आहेत. (फोंडा)

उत्तर: त्या अडकलेल्या नळीशी झटापट करू नका. पावसाळ्यात लाकूड ओल धरतं आणि नळीची खुंटी बाऊलला जोडलेल्या लाकडी दांड्याच्या भोकात आवळली जाते. जोर केला की दांडा उभा चिरतो, आणि चिरलेला दांडा सांधला तरी सांधा दिसतोच. पाइप झिपच्या पिशवीत घालून अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. रबर लाकडापेक्षा जास्त आकसतं. मग बाऊल नव्हे, दांडा मुठीत धरून नळी एकाच दिशेने पिळत ओढा. तरीही हलली नाही, तर तंबाखूचा जुना चीक धरून बसलाय असं समजा: बाऊलमधून आयसोप्रोपिल अल्कोहोलचे चार-पाच थेंब सोडा आणि रात्रभर थांबा.

बुरशी मास्क लावून, घराबाहेर ब्रशने झाडा. ती काजळीच्या थरात मुरते, म्हणून तो थर साधारण १ मिलिमीटर राहील इतका उतरवा आणि आतून अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा. बाहेरून अल्कोहोल अजिबात नको. शेलॅकचं (लाखेचं) पॉलिश असेल तर ते विरघळून चिकट होतं.

नळ्या व्हल्कनाइटच्या, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराच्या आहेत. उजेड आणि ओल लागून वरचा थर पिवळा पडतो. ६०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून घासा, मग १०००, शेवटी २०००. कंपनीचा ठसा असेल ती जागा सोडा. आणि एक गोष्ट हमखास चुकते: सुटी नळी घासली की सांध्याकडची धार गोल होते, मग ती दांड्याला कधीच सपाट बसत नाही. प्लॅस्टिकच्या झाकणातून भोकाची चकती कापून खुंटीवर चढवा, चकती कडेला टेकवा आणि मगच घासा.

काचेचं कपाट ओल कोंडतं, उजेड आत घेतं. त्यातून पाइप काढाच. सगळं नीट वाळल्यावर नळ्या वेगळ्या करून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, सोबत ओल शोषणारी नारिंगी सिलिका जेल. ती हिरवी झाली की ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून परत वापरा. डब्यात छोटा आर्द्रतामापक असावा. आकडा ५०-५५ टक्क्यांच्या आसपास पुरे, फार कोरडं झालं तर ब्रायरला चिरा जातात. डांबरगोळ्या नकोत, लाकूड तो वास सोडत नाही.

प्रश्न: हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात 'हँडमेड ब्रायर' म्हणून पाइप दाखवले. खरे कसे ओळखावेत? (म्हापसा)

उत्तर: ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. तिच्या एका अंगाला उभ्या रेषा, तर आडव्या अंगाला बारीक ठिपके दिसतात. सगळीकडे सारखाच रंग आणि वर जाड व्हार्निश असेल तर दुसरंच लाकूड असण्याचा संभव. रेषा मध्येच तुटून फिका, गुळगुळीत ठिपका लागला तर तिथे खड्डा बुजवलाय. किंमत त्या मानाने पाडून मागा.

मग नळी बघा. कडेने बारीक शिवण असेल तर ती साच्यातली. उत्तम कारागीर ती एबोनाइटच्या (म्हणजे व्हल्कनाइटच्याच) दांडीतून कापून घडवतो. सांध्यावर नख फिरवा, अडकता कामा नये. शेवटी तोंडाकडून पाइप क्लीनर (पाइप साफ करायची केसाळ तार) सरकवा: तो न अडकता बाऊलच्या अगदी तळाशी, मधोमध निघायला हवा. भोक वर किंवा बाजूला निघालं, तर कोरीवकाम कितीही सुंदर असो, विकत घेऊ नका.

प्रश्न: पांढरा मीरशॉमचा पाइप स्पिरिटने पुसला तर चालेल का? (मडगाव)

उत्तर: नाही. मीरशॉम हे लाकूड नव्हे, सेपिओलाइट नावाचं सच्छिद्र खनिज आहे, तुर्कस्तानात एस्किशेहिरकडे निघतं. स्पिरिटने वरचं मेणाचं पॉलिश बिघडतं, आणि पाण्यात भिजलं तर दगड मऊ पडतो. कोरडं सुती कापड घ्या.